वडिलांचा जुना गेम बॉय दुरुस्त करावा की मुलीला नवा हँडहेल्ड घ्यावा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडिलांनी नव्वदच्या दशकात दुबईहून आणलेला राखाडी गेम बॉय, म्हणजे निन्टेन्डो कंपनीचा हातात धरून खेळायचा हँडहेल्ड, माळ्यावर सापडला. सोबत टेट्रिस आणि आणखी दोन-तीन कॅसेट आहेत. नवे सेल घातले की लाल दिवा लागतो, पण पडद्यावरच्या काही रेषा गेल्यात. मुलगी नऊ वर्षांची, तिला निन्टेन्डोचाच आजचा हँडहेल्ड, स्विच, हवाय. जुना दुरुस्त करून तिच्या हातात द्यावा की सरळ नवा घ्यावा, असं तुम्ही विचारताय. आणि जाता जाता हेही विचारलंय, की जुने गेम खरंच चांगले होते, की आपण लहान होतो म्हणून तसे वाटतात?

मी ठाण्यात हँडहेल्ड दुरुस्त करते. १९८९चं यंत्र आणि गेल्या वर्षी घेतलेलं यंत्र माझ्या टेबलावर बऱ्याचदा शेजारी शेजारी उघडी पडलेली असतात. त्यामुळे ही तुलना मी आतून बघते. तिथून बघितलं की 'चांगला कुठला' हा प्रश्न मागे पडतो आणि दोन वेगळेच प्रश्न पुढे येतात. गेम नेमका राहतो कुठे? आणि यंत्र बंद पडतं ते कशामुळे? तुमचा निर्णय खरं तर या दोनांवर ठरणार आहे. बाकी बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत: मुलगी कुठे खेळणार, एका वेळी किती वेळ, मैत्रिणींकडे काय आहे, तुमच्या आसपास बारीक सोल्डरिंग करणारं कुणी आहे का. त्या मला माहीत नाहीत, म्हणून जिथे त्यांचा संबंध येईल तिथे तसं सांगत जाते.

आधी तुमच्या गेम बॉयबद्दल. तो मेलेला नाही. पडद्यावरच्या रेषा जाणं हा या मॉडेलचा ठरलेला आजार आहे. पडद्याच्या काचेला एक पातळ रिबन उष्णतेने चिकटवलेली असते आणि इतक्या वर्षांत तो चिकटा सुटत जातो. उभ्या रेषा गेल्या असतील तर दोष बहुधा खालच्या कडेच्या जोडात असतो. पुढचा भाग उघडून, त्या जोडावरून बेताच्या तापमानाची सोल्डरिंग इस्त्री हळूहळू फिरवली की एकेक रेघ परत उमटताना समोर दिसते. यंत्र चालू ठेवूनच हे करतात, म्हणजे कुठली रेघ आली ते लगेच कळतं. घाई केली, इस्त्री एका जागी थांबली, तर होत्या त्या रेषाही जातात, म्हणून पहिल्यांदाच करणार असाल तर हे काम सवयीच्या हाताला द्या. आडव्या रेषा गेल्या असतील तर मात्र दोष बाजूच्या जोडात असतो. तो क्वचितच नीट जमतो, तिथे पडदा बदलणंच शहाणपणाचं.

आवाज येत नसेल तर घाबरू नका. हेडफोन लावून बघा. त्यातून आवाज आला तर स्पीकर नाही, हेडफोनच्या सॉकेटमधला संपर्क काळा पडलाय. सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ती सेलमधून गळलेल्या क्षाराची आहे. कापसाच्या काडीने थोडं पांढरं व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पूर्ण वाळवणं. स्प्रिंगच खाल्ली गेली असेल तर ती बदलून मिळते. कॅसेटला फुंकर मारायची सवय आपल्या सगळ्यांनाच होती, पण तोंडातला ओलावा त्या सोनेरी पट्ट्यांवर बसतो, तेव्हा ती सोडा आणि तिथेही अल्कोहोलच वापरा. खोडरबर शेवटचा उपाय, कारण त्याने मुलामा झिजतो. आणि एक महत्त्वाचं: घरातला कुठलाही ॲडाप्टर त्याच्या बाजूच्या भोकात खुपसू नका. मूळ गेम बॉयला ६ व्होल्टचा ॲडाप्टर लागतो आणि त्याची मधली पिन ऋण असते, बाजारातल्या बहुतेक ॲडाप्टरांच्या उलट. सेलवरच चालवा. रिचार्जेबल सेल चालतात.

आता हे यंत्र इतकं टिकलं कसं, त्यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. गेम बॉय आला १९८९ साली. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, रंगीत आणि मागून उजळणाऱ्या पडद्याचा. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत. कागदावर गेम बॉय दोघांसमोर गरीब होता: १६० बाय १४४ ठिपके, हिरवट पडद्यावर चार छटा, उजेड नाही. निन्टेन्डोचे अभियंते गुनपेई योकोई यांचा हिशेबच तसा होता. जे तंत्र जुनं होऊन स्वस्त आणि भरवशाचं झालंय, तेच घ्यायचं आणि नव्या कामाला लावायचं. त्याआधी १९८०पासून त्यांनी गेम अँड वॉच ही छोटी घड्याळवजा यंत्रं काढली होती, कॅल्क्युलेटरमुळे स्वस्त झालेल्या एलसीडीवर. आजही बहुतेक कंट्रोलरवर असतं ते अधिकच्या चिन्हासारखं बटण १९८२च्या डाँकी काँग गेम अँड वॉचमधून आलं.

परिणाम काय झाला? गेम बॉय चार पेन्सिल सेलवर साधारण १५ तास जायचा. गेम गिअरला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. त्या काळात ही सेलच्या खर्चाची गोष्ट होती. आज तीच आयुष्याची गोष्ट झाली आहे. गेम गिअरमधले छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे बारीक भाग) गळतात. माझ्याकडे आलेला गेम गिअर बहुतेक वेळा आवाज मंद, चित्र फिकट अशाच अवस्थेत असतो आणि सगळे कपॅसिटर बदलल्याशिवाय पुढे जात नाही. गेम बॉयमध्ये बिघडण्यासारखं मुळात कमी आहे. त्यात चार्ज होणारी बॅटरी नाही, पंखा नाही, फिरणारी चकती नाही, अपडेट नाही.

त्याची खरी उणीव पडदा. हे मी आडपडदा न ठेवता सांगते, कारण आठवणीत तो पडदा फार चांगला झालेला असतो. खिडकीशी बसलात तर छान दिसतो. संध्याकाळी दिवाणखान्यात ट्यूबलाइटखाली बसलात तर यंत्र हातात तिरपं करत, उजेड शोधत मान वाकडी होते. शिवाय हलणारी वस्तू मागे धुरकट शेपूट सोडते. आज आयपीएस प्रकारचे, मागून उजळणारे पडदे मिळतात, ते बसवले की हाच गेम बॉय झळझळीत दिसतो. मी बसवूनही देते. पण तुमच्या जागी मी असते तर मूळ पडदा वाचत असेल तोवर तोच ठेवला असता. नवे पडदे सेल भराभर खातात, आणि वडिलांच्या वस्तूची ओळख निम्मी तर त्या हिरवट रंगातच आहे. हे माझं मत. रोज खेळायचं असेल तर उलट निर्णयही बरोबरच.

आता गेमकडे येते, कारण 'लहान होतो म्हणून चांगले वाटतात का' हा प्रश्न मला जास्त आवडला. त्याचं उत्तर एकेक गेम घेऊनच देता येतं.

तुमच्याकडे टेट्रिस आहे, वरून पडणारे ठोकळे रचून ओळी भरायचा खेळ, तिथूनच सुरू करू. तो अख्खा गेम ३२ केबीत मावतो. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येणारं सुप्रभातचं चित्रही त्याहून मोठं असतं. १० रकाने, १८ ओळी. पुढचा एकच ठोकळा दिसतो. ठोकळा बाजूला ठेवून नंतर वापरायची सोय नाही. एका झटक्यात खाली आपटायचं बटण नाही. ठोकळा कुठे बसेल याची सावली दिसत नाही. भिंतीला चिकटलेला ठोकळा फिरवायला गेलात तर फिरतच नाही. सगळ्यात निर्दय गोष्ट म्हणजे ठोकळे नशिबावर येतात. तोच वाकडा ठोकळा लागोपाठ येऊ शकतो, आणि जी उभी कांडी हवी असते ती येता येत नाही. वर, यंत्र बंद केलं की विक्रम पुसला जातो.

नवा टेट्रिस बघा. २०१९ साली स्विचवर आलेला टेट्रिस ९९ घ्या. सातही ठोकळे एकेकदा आल्याशिवाय कुठलाच पुन्हा येत नाही, असा नियम. म्हणजे कांडी कधी येणार याचा अंदाज बांधता येतो. पुढचे बरेच ठोकळे दिसतात. एक बाजूला ठेवता येतो. बुडाशी टेकलेला ठोकळाही थोडा वेळ फिरवता येतो. आणि तुमच्यासोबत आणखी ९८ जण एकाच वेळी खेळत असतात, प्रत्येकजण दुसऱ्याच्या अंगावर कचऱ्याच्या ओळी ढकलत.

यात चांगला कुठला? नियम म्हणून बघितलं तर नवा न्यायी आहे. हरलात तर चूक बहुतेक तुमचीच असते. जुन्यात तुम्ही नशिबाशी भांडत असता, आणि म्हणूनच त्यात जागा राखून ठेवण्याची, अडचण सोसण्याची एक वेगळी कला लागते. नऊ वर्षांच्या मुलीला मी जुना आधी देईन. त्याचा वेग सुरुवातीला संथ असतो, नियम एका मिनिटात कळतात, आणि अनोळखी ९८ जण तिला तिसऱ्या मिनिटाला बाहेर फेकत नाहीत. शिवाय टेट्रिस ९९ खेळायला निन्टेन्डोची ऑनलाइन वर्गणी आणि इंटरनेट लागतं. गावाला जाताना गाडीत तो बंद.

पण सगळे जुने गेम अशी काळावर मात करत नाहीत. दुसरं उदाहरण घ्या, कारण इथे एकच गेम दोन्ही काळांत उपलब्ध आहे. झेल्डा मालिकेतला 'लिंक्स अवेकनिंग' (अटारीच्या लिंक्सशी याचा संबंध नाही) गेम बॉयवर १९९३ साली आला आणि स्विचवर नव्याने २०१९ साली. गोष्ट तीच, बेट तेच, कोडी जवळपास तीच. जुना ५१२ केबीचा, नवा ५ जीबीहून मोठा.

जुन्यात कामाची बटणं दोनच. तलवार, ढाल, उडी मारायचं पीस, दगड उचलायचं कडं, या सगळ्यांनी त्या दोन बटणांवर आळीपाळीने बसायचं. उडी मारून तलवार चालवायची तर दोन्ही बटणं गेली. समोर दगड आला की खेळ थांबवा, यादी उघडा, तलवार काढा, कडं लावा, दगड उचला, परत यादी उघडा, तलवार लावा. आणि कडं न लावता दगडाला नुसता धक्का लागला तरी प्रत्येक वेळी 'हे फार जड आहे' अशा अर्थाचा संदेश पडद्यावर येतो आणि तो वाचून संपेपर्यंत तुम्ही हलू शकत नाही. आपण लहानपणी हे सहन केलं, कारण दुसरं काही नव्हतं. नव्या आवृत्तीत तलवार आणि ढालीला स्वतंत्र बटणं आहेत, कडं आपोआप लागू होतं, खेळ स्वतःहून सेव्ह होतो. नऊ वर्षांच्या मुलीसाठी नवी आवृत्तीच घ्या, यात मला शंका नाही.

तरी जुन्यात एक गोष्ट आहे जी नव्यात विरघळली. जुना नकाशा १६ बाय १६ अशा २५६ चौकोनांचा. पडदा सरकत नाही, एका चौकोनातून दुसऱ्यात उडी मारतो. त्यामुळे प्रत्येक चौकोन हा स्वतंत्र खोलीसारखा रचलेला आहे: इथे एक खड्डा, तिथे एक शत्रू, कोपऱ्यात काहीतरी लपलेलं. नव्यात बेटावर पडदा सलग सरकतो, दिसायला सुंदर, पण तो एकेका खोलीचा नेमकेपणा जाणवत नाही. आणि स्विचवर मोकळ्या भागात चाल मध्येच अडखळते. १९९३च्या गेममधून आलेल्या खेळाने २०१७चं यंत्र अडखळावं, याचं मला नेहमी हसू येतं.

म्हणजे बघा, जे जुने गेम यंत्राच्या मर्यादेत राहून रचले गेले ते आजही ताजे आहेत. जे मोठ्या यंत्राचे गेम छोट्या यंत्रात कोंबायला गेले ते तेव्हाही त्रासाचे होते आणि आज तर खेळवत नाहीत. तुमच्या उरलेल्या कॅसेटवर कुठल्या गाजलेल्या चित्रपटाचं चित्र असेल तर फार आशा ठेवू नका.

आता मी सुरुवातीला म्हटलेला पहिला प्रश्न: गेम राहतो कुठे. गेम बॉयचा गेम पूर्णपणे कॅसेटमध्ये असतो. कॅसेट घातली, खटका सरकवला, काही सेकंदांत खेळ सुरू. आणि ज्या गेममध्ये सेव्ह आहे, तो सेव्हही कॅसेटमध्येच असतो. जुन्या कॅसेट विकत घेतल्या की त्यात कुणातरी अनोळखी मुलाच्या नावाचा अर्धवट राहिलेला खेळ निघतो. ग्राहकांना तो पुसायला जिवावर येतं. मलाही.

पण इथे एक दुखणं आहे. तो सेव्ह टिकवायला बऱ्याच कॅसेटमध्ये नाण्यासारखा छोटा सेल सोल्डर केलेला असतो. तो संपला की गेम चालतो, सेव्ह राहत नाही. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर या कॅसेटमध्ये घड्याळही त्याच सेलवर चालतं, म्हणून ते सेल लवकर जातात. सेल बदलता येतो, पण बदलताना जुना सेव्ह पुसला जातो. कुणाचा मौल्यवान असेल तर कॅसेट रीडरने आधी संगणकावर उतरवून घ्यावा लागतो. कॅसेट उघडायला ३.८ मिलिमीटरचा खास पाना लागतो, पक्कड लावून उघडू नका. तुमच्या टेट्रिसमध्ये असा सेल नाही, तेव्हा तिची काळजीच नाही.

पुढच्या पिढीत गेम हळूहळू कॅसेटबाहेर गेला. सोनीचा हँडहेल्ड पीएसपी २००४ साली आला, त्याचे गेम यूएमडी नावाच्या छोट्या चकतीवर असायचे, १.८ जीबीच्या. चित्र तेव्हा थक्क करणारं होतं. पण चकती फिरवायची म्हणजे मोटर आली, लेझर आलं, झीज आली. मग २००९ साली पीएसपी गो आला, त्यात चकतीच नाही, सगळं डाउनलोड. पीएसपीवरून थेट खरेदी करायची सोय सोनीने जुलै २०२१मध्ये बंद केली. निन्टेन्डोने आपल्या थ्रीडीएस या हँडहेल्डचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद केलं आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्याची ऑनलाइन सेवाही. आधी घेतलेले गेम परत उतरवता येतात, नवे घेता येत नाहीत. तुमच्या माळ्यावरची टेट्रिस कुणाच्याही परवानगीशिवाय चालते.

स्विचबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, की सगळं ऑनलाइनच आहे. तसं नाही. स्विचच्या कार्डावर बहुतेक गेम पूर्ण असतो आणि इंटरनेटशिवाय चालतो. सेव्ह मात्र यंत्राच्या आत राहतो, कार्डासोबत जात नाही. यंत्र हरवलं आणि ऑनलाइन वर्गणी नसली तर सेव्ह गेला. ५ जून २०२५ रोजी आलेल्या स्विच २मध्ये आणखी एक प्रकार सुरू झाला आहे: काही कार्डांवर गेम नसतोच, फक्त किल्ली असते. कार्ड घातलं की गेम उतरवून घ्यावा लागतो. वेष्टनावर तसं लिहिलेलं असतं, घेण्याआधी वाचा. मी माझ्या भाचीसाठी घेताना असं कार्ड टाळते. (स्विचचं कार्ड कधी चाटून बघू नका, मुलांनी गिळू नये म्हणून त्याला मुद्दाम भयंकर कडू लेप दिलेला असतो. चाटून बघणारे मात्र सगळे मोठेच असतात.)

दुसरा प्रश्न, यंत्र कशामुळे बंद पडतं. नव्या यंत्रांत माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी मुख्यतः दोन. एक म्हणजे स्टिक, म्हणजे अंगठ्याने पात्र हलवायची छोटी दांडी, आपोआप सरकणे. स्विचच्या स्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर बारीक पत्रा घासत असतो, ती पट्टी झिजली की हात न लावता पात्र एका बाजूला चालायला लागतं. पहिल्या स्विचमध्ये कंट्रोलर बाजूला निघतो, तेवढाच उघडून स्टिक बदलता येते. स्विच लाइटमध्ये स्टिक अंगातच आहे, त्यासाठी पूर्ण यंत्र खोलावं लागतं. लहान मुलांना लाइट हातात छान बसतो, पण घेताना हे लक्षात असू द्या. चुंबकावर चालणाऱ्या, न घासणाऱ्या स्टिकही बाजारात मिळतात. एकदा उघडलंच तर मी त्याच सुचवते.

दुसरी तक्रार बॅटरी. लिथियम बॅटरी वापरली तरी म्हातारी होते आणि पूर्ण उतरलेली तशीच पडून राहिली तर आणखी लवकर. माळ्यावर विसरलेल्या पीएसपीची बॅटरी इतकी फुगलेली असते की मागचं झाकण स्वतःच उचललेलं दिसतं. पीएसपीत बरं असं, की बॅटरी बोटाने निघते आणि ती काढून चार्जरवरही यंत्र चालतं. स्विचची बॅटरी आत चिकटवलेली आहे. बदलता येते, पण ते घरचं काम नाही. स्टीम डेकसारखी २०२२पासूनची मोठी यंत्रं म्हणजे हातात धरायचा संगणकच. ताकद प्रचंड, सुटे भागही मिळतात, पण पहिल्या मॉडेलचं वजन साडेसहाशे ग्रॅमच्या वर आहे आणि जड गेमवर बॅटरी दोन तासांत मान टाकते. नऊ वर्षांच्या हातांसाठी ते नाही.

नव्या यंत्रांच्या बाजूने जे आहे तेही सांगते, नाहीतर मी जुन्याची वकिली करतेय असं वाटेल. झोपवून ठेवलेला खेळ होता तिथून उघडतो. मुलीला जेवायला हाक मारली तर 'सेव्ह पॉइंट येऊ दे' ही भांडणं कमी होतात. स्विच (लाइट सोडून) टीव्हीला जोडून चौघांनी खेळता येतं. किती वेळ खेळली ते पालकांना फोनवर दिसतं आणि वेळेची मर्यादा घालता येते. गेम बॉयवर दोघांनी खेळायचं तर दोन यंत्रं, दोन कॅसेट आणि मधली केबल लागते. आजच्या मुलीच्या मैत्रिणींकडे त्यातलं काही नसणार. सोबतीने खेळायला हवं असेल तर इथे स्विच निर्विवाद जिंकतो. आपल्याकडे तो बहुतांशी बाहेरून आणलेला मिळतो, म्हणून वॉरंटी कोण देणार हे दुकानदाराला आधी विचारा, बिलावर लिहून घ्या.

जुनं आणि नवं यांच्या मधली एक पायरी लोक विसरतात, आणि माझी आवडती यंत्रं तिथेच आहेत. २००३चा गेम बॉय ॲडव्हान्स एसपी. घडी घालून खिशात जातो, पडद्याला उजेड आहे, बॅटरी साध्या स्क्रूखाली आहे आणि नवी सहज बसते. सगळ्यात मोठं म्हणजे तुमची टेट्रिसची कॅसेट त्यात जशीच्या तशी चालते. नंतरचा डीएस लाइट ॲडव्हान्सच्या कॅसेट घेतो, पण तुमच्या जुन्या कॅसेट घेत नाही, आणि त्याची उजवीकडची बिजागरी तडकते. तेव्हा वापरलेला घेणार असाल तर ती आधी तपासा. ॲडव्हान्सच्या कॅसेट घेताना नकलीपासून जपा. अस्सल कॅसेटच्या तोंडातून आत बघितलं की सोनेरी पट्ट्यांच्या वर पट्टीवर निन्टेन्डो असं छापलेलं दिसतं. नकली कॅसेट चालते, पण चाळीस तास खेळल्यावर सेव्ह उडवते, आणि रडणारं मूल माझ्याकडे येतं.

हजारो गेम भरलेली स्वस्त चिनी यंत्रं घ्यावीत का, हेही कुणीतरी विचारेलच. यंत्र म्हणून त्यातली काही बरी आहेत. पण आत भरून येणारे गेम परवान्याचे नसतात, आणि सोबतचं मेमरी कार्ड सगळ्यात आधी मरतं. माझी खरी हरकत वेगळी आहे. आपल्या लहानपणी जत्रेत मिळणाऱ्या ब्रिक गेमवर '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि आत जेमतेम डझनभर गेम, तेच वेग बदलून. तेव्हा ती फसवणूक होती, पण त्यामुळे आपण एका गेमवर टिकलो. या यंत्रांत खरोखरच हजारो गेम असतात. मूल एक उघडतं, दोन मिनिटांत हरतं, दुसरा उघडतं. महिन्याभराने यंत्र ड्रॉवरमध्ये.

तर तुमच्यासाठी मी काय करेन? गेम बॉय दुरुस्त करा. उभ्या रेषांचंच काम असेल तर ते मोठं नाही. तो मुलीचा रोजचा खेळ होईल अशी अपेक्षा ठेवू नका, पण दुरुस्त झाल्यावर एक सुट्टी टेट्रिस तिच्या हाती देऊन बघा, तुम्हीही तिच्यासोबत आळीपाळीने खेळा. विक्रम पुसला जातो, तेव्हा वहीत लिहायला सांगा; मुलांना त्याचीच मजा येते. ती त्यात रमली तर एसपी शोधा, तुमच्या कॅसेट वाया जाणार नाहीत. नाही रमली आणि मैत्रिणींसोबतच खेळायचं असेल, तर स्विच घ्या, शक्यतो कंट्रोलर सुटा होणारा, गेम पूर्ण असलेल्या कार्डावर. एखादं वर्ष थांबायची तयारी असेल तर स्विच २कडेही बघा, त्यात जुन्या स्विचची बहुतेक कार्डं चालतात. फक्त ती मागतेय म्हणून दोन्ही एकाच महिन्यात आणू नका. स्विच घरात आल्यावर गेम बॉयला कुणी हात लावत नाही.

खेळून झालं की सेल काढून ठेवायचे, माळ्यावर न ठेवता कपाटात ठेवायचा. ठाणे-मुंबईच्या पावसाळ्यात तर सोबत सिलिका जेलची पुडी हवीच.

आणि दोन फोटो टाका: यंत्र चालू असताना पडद्याचा समोरून एक, सेलच्या कप्प्याचा एक. पडद्याच्या फोटोत कॉन्ट्रास्टचं चाक पूर्ण फिरवून ठेवा, म्हणजे काळ्या पडद्यावर गेलेल्या रेषा उभ्या आहेत की आडव्या ते स्पष्ट दिसेल. त्यावरून इस्त्रीने भागेल की पडदा मागवावा लागेल ते सांगते.